बापूचं दूध

आमच्या घरात दूध दोन प्रकारचं असायचं, डेअरीचं आणि बापूचं. म्हैस एकच होती आणि धार काढणारे हातही आईचेच. पण किटलीत पडलं की ते डेअरीचं आणि पितळेच्या तांब्यात पडलं की बापूचं. माझं असं दूध नव्हतं. मला गुळाचा कोरा चहा मिळायचा. त्यात शिळी भाकरी बुडवताना माझे डोळे तांब्याकडे गेले, की आई म्हणायची, "बगू नको गं तिकडं, दुधाला नजर लागती." मी निमूटपणे चुलीकडे बघायची. पहाटे रिकाम्या किटलीत पहिल्या धारा वाजायच्या, मग किटली भरत आली की आवाज जाड व्हायचा, आणि शेवटी आई तांब्या पुढे ओढायची. अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या आवाजावरून कळायचं की आता बापूचं दूध चाललंय. बापू माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, माझा एकुलता एक भाऊ.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. साखर कारखान्याच्या राजकारणात त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी दूध धरलं, असं गावातले लोक चेष्टेने म्हणायचे. काही का असेना, धरलं ते घट्ट. धारूरच्या घाटाखालच्या वस्त्यांवर ते सायकलने फिरायचे आणि लोकांना सांगायचे, "वर्सातले सहा म्हैने दुसऱ्याच्या फडात ऊस तोडायला जाताव कावून? दारात म्हैस बांदा. लेकरं साळंत जातील, दूद पितील, ताकद यील अंगात." यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून कितीतरी घरं कोयता सोडून गावात राहिली. म्हणून तर मला अण्णांचा राग नीट करताही येत नाही, आणि सोडताही येत नाही.

बापू दिसायला आमच्यातला नव्हताच. आम्ही सगळे काळेसावळे, उन्हात रापलेले. हा गोरापान, भुऱ्या केसांचा, डोळेही घारट. गल्लीतली पोरं त्याला इंग्रज म्हणायची आणि आईला त्याचा अभिमान वाटायचा. शेजारच्या गयाबाई विचारायच्या, "काय खाल्लंतंस गं पोटुशी असताना?" आई त्याच्या गालाला काजळाचा ठिपका लावत म्हणायची, "दुदावर वाढवलाय माज्या राजाला." पण हा राजा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, चार वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर बघेना. दिवसभर भिंतीला टेकून मागेपुढे झुलायचा आणि नाकातून एक लांबलचक हुंकार काढायचा. कोपरांत आणि गुडघ्यांमागे कातडी लाल होऊन चिघळायची. मधेच डोळे पांढरे करायचा, अंग ताठ व्हायचं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं मागच्या जन्माचं. आईचं एकच म्हणणं होतं, लेकरू अशक्त आहे, दूध वाढवायला पाहिजे. मग तांब्या मोठा झाला आणि किटली थोडी कमी भरू लागली.

आणि तो वास. आमच्या घरात उंदराचा वास यायचा. कोंदट, ओलसर, कणगीखाली उंदरांनी घर केल्यासारखा. आईने कणगी रिकामी करून उन्हात टाकली, उतरंड हलवली, जमीन सारवली, धारूरच्या बाजारातून सापळा आणला. सापळ्यात एकही उंदीर सापडला नाही. गयाबाईंची मांजर आणून ठेवली, ती दोन दिवस माळवदावर झोपली आणि निघून गेली. वास बापूच्या अंगाला होता, त्याच्या ओल्या दुपट्याला होता, पण कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. आपल्या लेकराच्या अंगाला उंदराचा वास येतो असं कोणती आई म्हणेल? ती घर सारवत राहिली.

मग दुष्काळ पडला. त्याचं वर्णन मी करत बसणार नाही, ते करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाल्लेली नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर कडबा संपला आणि आमची म्हैस अण्णांनी सासुरवाडीच्या एका ओळखीच्या माणसाकडे, पाण्याच्या मुलखात, नेऊन सोडली. सोसायटीला कुलूप लागलं. दुधाचे मोठाले कॅन लोकांनी पाण्यासाठी घरी नेले. टँकर आला की गल्लीत कॅनचाच खडखडाट व्हायचा. आई-अण्णा दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. चेअरमन खडी फोडतोय, हे बघायला सुरुवातीला लोक मुद्दाम थांबायचे, पुढे कुणाला थांबायची ताकद उरली नाही. घरात मी आणि बापू.

प्रश्न पडला तो बापूने खायचं काय. भाकरी त्याला धड चावता येत नव्हती, कामावर मिळणारी सुकडी तो थुंकून टाकायचा, डाळ तर डोळ्यांनी दिसत नव्हती. परळीला माझ्या मामाचं किराणा दुकान होतं. त्याने पडून राहिलेल्या साबुदाण्याचं एक पोतं पाठवून दिलं. आईने मला शिकवलं, मूठभर साबुदाणा पाण्यात शिजवायचा, गुळाचा खडा टाकायचा, गार करून भरवायचा. शिकवताना ती रडत होती. बापूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "एवड्या बारीला खाऊन घे रं राजा. म्हस आली की तुला तांब्या भरून दीन." मी त्याला ती खळ भरवू लागले. कधी रताळं मिळालं तर ते उकडून कुस्करायची. बाकी काही नाही. महिने गेले.

आणि बापू सुधारला.

हे एकदम झालं नाही. आधी त्याच्या कोपरांची कातडी कोरडी पडली, खपल्या गेल्या. मग झटके कमी झाले. झुलणं थांबलं नाही, पण झुलता झुलता तो माझ्याकडे बघायला लागला. एका दुपारी मी पाण्याला जाऊन आले तर हा जागेवर नाही. जीव घाबरला. शोधते तर दाराच्या मागे उभा, तोंडावर हात धरून. लपला होता! ज्याला आपलं नाव कळत नव्हतं तो माझ्याशी लपंडाव खेळत होता. मी "बापू कुटंय, बापू कुटंय" करत खोटंखोटं शोधलं आणि तो दारामागून बाहेर येऊन म्हणाला, "अक्का." एवढंच. मी त्याला उचलून गल्लीभर नाचले. घरातला उंदराचा वासही विरत चालला होता. आई म्हणाली, उंदीर दुष्काळात मेले. बापूचं मात्र तिने देवीच्या खात्यावर टाकलं. तिने नवस बोलला होता, म्हैस परत आली की पहिलं दूध देवीला आणि दुसरं बापूला.

पुढच्या साली पाऊस झाला आणि म्हैस परत आली, मागून सोसायटीच्या नव्या म्हशीही आल्या. आईने नवस फेडला. तांब्या पुन्हा भरून वाहू लागला, शिवाय डाळीचं घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट, लेकराची एका सालाची भूक भरून काढायची होती ना! दिवाळीपर्यंत "अक्का" गेलं. झटके परत आले, पहिल्यापेक्षा मोठे. कातडी फुटली. घरात वास आला आणि आईने पुन्हा सापळा लावला.

त्या हिवाळ्यात अण्णांनी बापूला आंबेजोगाईला दाखवायचं ठरवलं. आईला धारांमुळे घर सोडता येत नव्हतं, म्हणून त्याला धरून बसायला मला नेलं. डॉक्टर तरुण होते, मुंबईकडचे असावेत, शुद्ध बोलायचे. त्यांनी बापूचे केस बघितले, डोळे बघितले आणि मग वाकून त्याच्या मानेचा वास घेतला. मला आश्चर्य वाटलं, डॉक्टर माणूस लेकराचा वास घेतो! त्यांनी विचारलं, "असा वास पहिल्यापासून येतो?" अण्णा म्हणाले, "कसला वास?" मी म्हणाले, "येतो. दुष्काळात न्हवता येत." डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मी सगळं सांगितलं, साबुदाणा, कातडी, लपंडाव, अक्का. त्यांनी बापूची लघवी काचेच्या नळीत घेतली आणि त्यात कसलेसे पिवळट थेंब टाकले. बघता बघता ती हिरवी झाली, गर्द हिरवी. इतका सुंदर रंग मी त्या दोन सालांत कुठे बघितला नव्हता.

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय की," अण्णा जरा ताठ होऊन म्हणाले. "मामाची पोरगी केली. घरातलीच सोयरीक."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा आजार जन्माचा आहे. फार थोड्या मुलांना होतो. दुधात, डाळीत, शेंगदाण्यात, अंड्या-मटणात जे सत्त्व असतं, त्यातला एक भाग या मुलाला पचत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूला जाळतो. आई-बाप दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडतं, एकाकडून आला तर कळतही नाही. "परदेशात यांच्यासाठी वेगळी पावडर असते, ती इथे मिळत नाही. झालं ते भरून येणार नाही, खोटं सांगत नाही. पण दूध आणि डाळ बंद ठेवलीत तर झटके कमी होतील, तुमच्या मुलीने पाहिला तेवढा तरी मुलगा तुम्हाला मिळेल. दर महिन्याला आणा, काय किती द्यायचं ते मी बघतो. आणि पुढचं मूल झालं तर पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे या."

अण्णांनी एकच विचारलं, "दूद बंद?"

"दूध आधी बंद."

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. बापू माझ्या मांडीवर झोपला होता. घाट उतरून आल्यावर शेजारच्या ओळखीच्या माणसाने विचारलं, "काय म्हन्ला वो चेअरमन, डाक्तर?" अण्णा हसून म्हणाले, "काय म्हन्नार! अशक्तपना हाय." आणि घरी आल्यावर आईने चुलीपुढून उठत तेच विचारलं, तेव्हा त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "ताकद कमी पडतीय म्हन्ला. दूद वाडवा म्हन्ला."

मी तिथेच उभी होते. "अण्णा, असं न्हाई म्हनले ते," मी म्हणाले. "दूद बंद करा म्हनले. दुदानंच होतंय म्हनले." आई माझ्याकडे बघत राहिली. मग अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "पोरीला काय कळतंय इंग्रजी बोलनं!" डॉक्टर अख्ख्या वेळात इंग्रजीचा एक शब्द बोलले नव्हते. पण आईने कुणाचं ऐकावं? नवऱ्याचं, की जिला जन्मभर दुधाकडे बघू नको म्हणून दटावलं त्या पोरीचं? ती मला हळू आवाजात म्हणाली, "दुदानं कुनाचं वाईट झालंय का गं? असं बोलू नये." मी रडले, जेवले नाही, देवीची शपथ घेतली. पुढे एकदा बापूचा तांब्या रेडकाला पाजला आणि मार खाल्ला. उपयोग झाला नाही.

अण्णांनी असं का केलं? मी म्हातारी झाले तरी या प्रश्नाशी भांडते. डॉक्टर येडा आहे असं त्यांना खरंच वाटलं असेल. किंवा ज्या माणसाने शंभर दारांत उभं राहून दूध म्हणजे ताकद म्हणून सांगितलं, त्याच्या घरात दूधच विष ठरलं, हे लोकांना कळू देण्याची हिंमत त्यांना झाली नसेल. नात्यातली तरुण पोरं म्हणतात, जुन्या माणसांना एवढं कुठं कळत होतं, सोडून द्या. मी सोडून देत नाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी "दूद बंद?" म्हणून विचारलं होतं.

फाल्गुनात आमच्या गावी दूध संकलन केंद्राचं उद्घाटन झालं. मांडव, भोंगा, आंब्याच्या पानांची तोरणं, बीडहून आलेले एक पुढारी आणि परळीहून बोलावलेला फोटोवाला. धुऊन चकचकीत केलेले कॅन रांगेत मांडले होते. तेच कॅन, ज्यांतून आम्ही टँकरचं पाणी प्यायलो होतो. अण्णांनी बापूला नवीन सदरा घातला, केसांना तेल लावलं आणि कडेवर घेऊन मांडवात आणलं. लांबून बघणाऱ्याला गोरंगोमटं, राजबिंडं लेकरू दिसायचं. पुढारी म्हणाले, "वा चेअरमनसाहेब, हीच आपली जाहिरात!" ठरलं असं की केंद्राच्या पहिल्या दुधाचा पहिला पेला चेअरमनच्या मुलाला पाजायचा. पुढाऱ्यांच्या हाताने.

बायकांच्या घोळक्यातून मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. भोंग्यातून टाळ्या वाजवायला सांगत होते. पेला बापूच्या ओठांना लागत होता आणि मी तो हाताने उडवला. दूध पुढाऱ्यांच्या धोतरावर सांडलं. मी ओरडले, "दुदानं त्याचं डोकं जळतंय! डाक्तरनी सांगितलंय, इचारा अण्णांना!" भोंगा चालू होता, त्यामुळे ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं. मग अण्णांनी माझ्या कानशिलात लगावली आणि लोकांकडे वळून, कसनुसं हसत म्हणाले, "भावावर खार खाती. तिला दूद मिळत न्हाई ना, म्हनून."

लोक हसले. आणि यातलं सगळ्यात कडू ते हे, की माझ्याविषयी त्यांना जे माहीत होतं ते खरंच होतं. मला दूध मिळत नव्हतं. मला ते हवंही होतं. गयाबाईंनी मला दंडाला धरून मागे नेलं, "आसं करू न्हाई माय, भावाच्या तोंडचं काडू न्हाई." दुसरा पेला भरला. बापूने तो सगळा संपवला, ओठांवरून जीभ फिरवली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं सोसायटीच्या भिंतीवर होता, पांढऱ्या मिशीचा बापू आणि बाजूला अण्णा.

त्यानंतर गावात माझं नाव पडलं, भावाच्या तोंडचं दूध सांडणारी. म्हैस आटली तरी माझ्याकडे बोट. परळीच्या मामाने मला सून करून घ्यायचं मी पाळण्यात असताना कबूल केलं होतं. त्याने निरोप पाठवला, असल्या अवदसेला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. आई त्या दिवशी खूप रडली. मी रडले नाही. पुढे आंबेजोगाईला शिकायला गेल्यावर मी त्याच डॉक्टरांना शोधून काढलं, आजाराचं नाव विचारून घेतलं, फिनाइलकीटोन्यूरिया, आणि ते कसं पिढ्यांतून उतरतं तेही समजून घेतलं. तेव्हा लक्षात आलं, की मामाच्या घरात मी गेले असते तर कदाचित माझ्या पोटीही एक गोरापान बापू आला असता. माझ्या बदनामीने मला वाचवलं. घरच्यांच्या मायेने नव्हे.

आता आंबेजोगाईत आम्ही काही लोक अशा मुलांच्या आईबापांना एकत्र बसवतो. नावं वेगवेगळी, आजार वेगवेगळे, पण घरातली लपवालपवी तीच. हल्ली बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हे कळतं, पावडरही मागवता येते, लवकर कळलं तर मूल शाळेत जातं. हे सांगणं सोपं आहे. परवा एक पोरगी आली होती, कडेवर भुऱ्या केसांचं बाळ, मागे नवरा, त्याच्या मागे सासरे. रिपोर्ट हातात होता. पोरगी हळूच मला म्हणाली, "मावशी, घरी न्हाई सांगितलं तर न्हाई का चालनार? गुपचूप दूद बंद करीन मी." मी तिच्यावर ओरडलेच. म्हटलं, गावाला सांग, भोंग्यावर सांग, पाहुण्यारावळ्यांना सांग, तुझ्या पाठीमागे कुणीतरी मायेने वाटी भरून पाजणार आहे! ती घाबरली. सासरे म्हणाले, बाई लई कडक हायत. असेन.

बापू वारला तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. शेवटची काही वर्षं तो स्वतःचे हात चावायचा, म्हणून सगळे शेतात गेले की त्याला मऊ धडप्याने खांबाला बांधून ठेवायचे. मी सुटीला गेले की सोडून बसायची. दारामागे लपून त्याला हाक मारायची. त्याने कधी वळून बघितलं नाही. एका झटक्यातून तो उठला नाही, तेव्हा मी आंबेजोगाईला होते. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुरुष निघाले. आमच्याकडे राखेवर दूध शिंपडतात. आईने त्या पहाटेची धार काढून ठेवली होती. एक थेंब तिने डेअरीला जाऊ दिला नव्हता. उंबऱ्यात उभी राहून तिने किटली अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाली, "समदं वता. हात आकडू नका. त्या दुस्काळात लेकरू दुदावाचून ऱ्हायलं, तितंच त्याचं डोकं गेलं."

मी तिच्या मागेच उभी होते. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली.

"बरं," अण्णा म्हणाले, आणि किटली घेऊन गेले.